हळूभाऊला ठेवलं

हळूभाऊला फुटबॉलमधलं आमच्यापेक्षा फार जास्त कळत होतं, असं काही नाही. हे मी बोललो की लोक अंगावर येतात. चार वर्षांत तीन कप आणलेल्या माणसाबद्दल असं बोलतोस, सेक्रेटरी, जिभेला काही हाड? पण मी त्याच्या शेजारी बाकावर बसलेला माणूस आहे आणि हे लोक कुंपणापलीकडे उभे राहून रेफरीच्या नावाने शंख करणारे. तेव्हा माझं ऐका. बाकीचे कोच ज्याच्या पायात बॉल आहे त्याच्याकडे बघतात. हळूभाऊ उरलेल्या दहा जणांकडे बघायचा. एवढाच फरक. बाकी डावपेच-बिवपेच सगळं पेपरवाल्यांनी नंतर चिकटवलेलं.

ही खोड त्याला कामामुळे लागली. आमचा कारखाना काचेच्या बाटल्यांचा. भट्टी वर्षानुवर्षं विझवत नाहीत, कारण एकदा विझली की आतली काच गोठते आणि मग सगळी भट्टीच फोडून काढावी लागते. बाटल्या गार होऊन पट्ट्यावरून येतात. पट्ट्याच्या कडेला एका अंधाऱ्या खोलीत, पांढऱ्या उजेडाच्या पाटीसमोर, हळूभाऊ स्टुलावर बसतो. मिनिटाला साठेक बाटल्या त्याच्या डोळ्यांसमोरून जातात. तडा गेलेली, बुडबुडा राहिलेली, मान वाकडी झालेली बाटली तो बोटाने बाहेर ढकलतो, आणि बोट ढकलत असतं तेव्हा डोळे पुढच्या बाटलीवर गेलेले असतात. अर्ध्या तासाने उठून दुसऱ्याला बसवायचं, नाहीतर माणसाला भिंतीवरही बाटल्या दिसायला लागतात. बावीस वर्षं हेच काम. चांगल्या बाटलीकडे मी बघतच नाही, असं तो म्हणायचा.

नाव पडलं ते मैदानावर. सामना ऐन रंगात आलेला असताना बाकीचे कोच घसा फोडून 'पळ, पळ, मार' करत असतात. हा रेषेवर हात मागे बांधून उभा आणि तोंडात एकच शब्द, 'हळू.' गोल खाल्ला तरी हळू, गोल केला तरी हळू. त्याचं खरं नाव पगाराच्या यादीत असेल, पण तिथेही कारकून आधी मनात हळूभाऊ म्हणतो आणि मग यादीत शोधतो. वहिनीसुद्धा चारचौघांत 'अहो हळूभाऊ' म्हणून त्याची फिरकी घ्यायच्या.

आता मी कोण, तेही सांगतो. मी माल रवाना करण्याच्या खात्यातला कारकून आणि क्लबचा सेक्रेटरी. पंधरा वर्षं दुपारचा डबा मी आणि हळूभाऊने कॅन्टीनच्या खिडकीजवळच्या एकाच टेबलावर खाल्ला. घरी मुलगा आहे, सून आहे, दोघंही चांगली आहेत, पण माझ्याशी बोलतात ते 'बाबा, दार नीट लावलंत का' आणि 'बाबा, मागचा दिवा बंद केलात का' एवढंच. दिवसभरात कोणी माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकत असेल तर ते त्या टेबलावर. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी काही लपवलं असं कोणी म्हणायला नको.

चार वर्षांपूर्वी आमचा जुना कोच ऐन मोसमात भांडून निघून गेला. टीम खालून दुसरी. कमिटीने हळूभाऊला गळ घातली की एवढा मोसम सांभाळ. त्याच महिन्यात वहिनींना दुसऱ्या गावच्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा मिळाली. ते गाव इथून बसने आठ तासांवर, पण तिथेही आमच्या कंपनीचा कारखाना आहे, तशीच भट्टी, तशीच उजेडाची पाटी. तेव्हा अडचण काहीच नव्हती. वहिनी आठ वर्षांच्या मुलीला घेऊन पुढे गेल्या. हा एक मोसम संपवून बदली घेणार होता. जाताना वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, सहा महिने तुमच्या ताब्यात देतेय. जेवतोय का बघा."

आणि या गाढवाने पहिल्याच वर्षी कप जिंकला.

गाव नुसतं वेडं झालं. अठरा वर्षांनी कप आला होता. त्याला खांद्यावर घेऊन लोकांनी भट्टीच्या दारापर्यंत नेलं. दुसऱ्या दिवशी तो बदलीचा अर्ज घेऊन साहेबांकडे गेला, तर साहेबांनी अर्ज तसाच परत दिला. हळूभाऊ खेळाडू म्हणून कंपनीत लागलेला. खेळाडू म्हणून लागलेल्या माणसाची बदली करायची तर क्लबचं पत्र लागतं, आमची हरकत नाही म्हणून. साहेब म्हणाले, पत्र आण, आज सही करतो. तो पत्रासाठी क्लबकडे आला. क्लबचा नियम असा की कोचला पत्र मिळतं ते त्याला बदलल्यावर. आणि कोचला बदलायचं की ठेवायचं हे मोसम संपल्यावर कमिटी मत घेऊन ठरवते. आमचे अध्यक्ष, भट्टीवरचे जुने फोरमन, हसून हसून बेजार झाले. "अरे, जिंकणाऱ्या कोचला कोणी बदलतं का? लोक दगड मारतील आम्हाला." साहेबांनी क्लबकडे बोट दाखवायचं, क्लबने नियमाकडे, आणि नियमाला तर बोटच नाही.

त्या वर्षी पाचही मतं ठेवायच्या बाजूने पडली. त्यातलं एक माझं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, अजून एक वर्ष म्हणजे काय मोठं, असं मीच त्याला समजावलं होतं. दुसऱ्या वर्षी त्याने पुन्हा कप जिंकला. पुन्हा पाच.

नोकरी सोड की मग, असं सांगणारे शहाणे भेटतात. सोडून करणार काय? पंचेचाळिशीच्या माणसाला तडे ओळखता येतात म्हणून कोण कामावर घेणार? वहिनींच्या पगारावर बसून खायचं, तर ते त्याला जमणारं नव्हतं. आणि कोचचं काम मला नको असं नुसतं म्हणून भागत नाही. कामावर लागतानाच सही करून दिलेली असते की क्लब सांगेल ती जबाबदारी घेईन. एकोणिसाव्या वर्षी केलेली सही. तेव्हा क्लब सांगेल ती जबाबदारी म्हणजे उजवीकडून खेळ नाहीतर डावीकडून खेळ, एवढंच त्याला वाटलेलं.

तिसऱ्या वर्षी तो हरायचं ठरवून मैदानात उतरला. हे माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. उपांत्य सामन्याला त्याने चांगले सहा जण बाहेर बसवले आणि राखीव पोरांना आत घातलं. त्यात एकाला तर आम्ही केवळ बूट चांगले आहेत म्हणून घेतलं होतं. सामन्याआधी हळूभाऊ मला हळूच म्हणाला, "आज संपलं बघ. पुढच्या महिन्यात मी तिकडं."  पण त्या पोरांना काय वाटलं? वाटलं, कोचने आपल्यावर एवढा मोठा विश्वास टाकला. जिवाच्या आकांताने खेळली. तीन-शून्यने जिंकली. बूटवाल्याने दोन गोल केले आणि धावत येऊन हळूभाऊच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला. हळूभाऊही रडला. लोकांनी फोटो काढले. तो फोटो अजून क्लबच्या भिंतीवर आहे, खाली लिहिलंय 'आनंदाश्रू'. पुन्हा असलं काही करणार नाही, असं त्याने मला त्याच संध्याकाळी सांगितलं. पोरांच्या तोंडाकडे बघवत नाही म्हणाला.

अंतिम सामना मात्र आम्ही हरलो, अगदी प्रामाणिकपणे, पेनल्टीवर. हळूभाऊने तोंड पाडलेलं ठेवलं, पण बाकावर माझ्या मांडीवर एक थाप मारली. मला कळलं. आणि मग कमिटी बसली, तर अध्यक्षांनी डोळ्यांना रुमाल लावला. "एका पराभवावरून माणसाला टाकून देणारे आपण नाही. आपण असे कृतघ्न नाही." पुन्हा पाचच्या पाच. माझं एकट्याचं वेगळं पडून काय होणार होतं, असं मी हळूभाऊला म्हणालो आणि त्याने ते मानलं. मला सांगा, यातून माणसाने सुटायचं कसं? जिंकलं म्हणून ठेवायचं आणि हरलं तरी माया म्हणून ठेवायचं!

या काळात तो दोन महिन्यांतून एकदा तिकडे जायचा. शुक्रवारी निघायचं, रविवारी परत. आला की डब्याच्या वेळी मला सगळं सांगायचा. आधी आधी मुलीने काय चित्र काढलं, वहिनींनी शाळेत कोणाला कसं सरळ केलं, असं. मग हळूहळू वेगळं यायला लागलं. त्या घरात साखरेचा डबा कुठे असतो ते त्याला विचारावं लागलं. एकदा बाथरूममधून त्याने टॉवेल मागितला तर मुलगी धावत जाऊन पाहुण्यांसाठी ठेवलेला नवा टॉवेल घेऊन आली. प्रेमानेच आणला तिने. "जाडजूड टॉवेल रे," तो मला म्हणाला. "अंग पुसलंच जाईना." मी हसलो. तो हसला नाही.

आणि मग या वर्षीचा मोसम. या वर्षी आम्ही एकही सामना हरलो नाही. कप हातात घेतला तेव्हा हळूभाऊचा चेहरा एखाद्याला डॉक्टरने वाईट रिपोर्ट हातात द्यावा तसा झाला होता. लोकांना वाटलं, नम्रता.

त्या रात्री वहिनींचा फोन आला होता, ते त्याने मला सोमवारी डबा उघडता उघडता सांगितलं. वहिनी भांडल्या नाहीत. भांडणाऱ्या बाईशी बोलता तरी येतं. त्या म्हणाल्या, या वेळेला तुझं पत्र आलं तर ये. नाही आलं तर मी रागावणार नाही, पण वाट बघणं बंद करीन. पोरगी बारा वर्षांची झाली, तिला दर वर्षी पुढच्या वर्षी म्हणून सांगायला आता मला तोंड नाही.

"म्हणजे काय रे?" मी विचारलं.

"म्हणजे मी येत-जात राहीन," तो म्हणाला. "पण माझ्यासाठी कोणी थांबलेलं नसेल."

त्याने डबा तसाच बंद केला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "सेक्रेटरी, या वेळी मतं मोजू या."

आम्ही मोजली. कमिटीत पाच जण. अध्यक्ष ठेवायच्या बाजूने, देवही खाली आला तरी बदलणार नाहीत. स्टोअरकीपर अध्यक्षांच्या मागे. जुना कप्तान या वर्षी खेळातून निवृत्त झालेला आणि त्याला स्वतःला कोच व्हायचं होतं, तेव्हा तो बदलायच्या बाजूने. कंपनीचे डॉक्टर हळूभाऊचं ब्लडप्रेशर तपासतात, त्यांना सगळं ठाऊक, तेही बदलायच्या बाजूने. दोन आणि दोन. राहिलो मी.

"तू आहेस म्हटल्यावर झालंच," हळूभाऊ म्हणाला.

मी त्याच्या हातात हात दिला. अगदी मनापासून दिला. त्या क्षणी मला विचारलं असतंत तर मी रक्ताने लिहून दिलं असतं. घरी गेलो आणि पत्राचा मसुदासुद्धा करून ठेवला, 'सदर कर्मचाऱ्याच्या बदलीस क्लबची हरकत नाही', खाली सहीला जागा सोडून. आठवडाभर ते पत्र माझ्या शर्टाच्या खिशात होतं.

आमच्याकडे मत कसं देतात ते सांगायला हवं. पूर्वी हात वर करायची पद्धत होती. एकदा एकाने माशी हाकलायला हात वर केला आणि तो मोजला गेला. त्यावरून कमिटीतले दोन साडू एकमेकांशी सात वर्षं बोलले नाहीत. तेव्हापासून मत कपाने द्यायचं. सभेला चहा होतो, पाच सारखे पांढरे कप. चहा झाला की एकेकाने आपला कप घेऊन शेजारच्या चहाच्या खोलीत जायचं. तिथे ओट्यावर ट्रे असतो, त्यावर फडकं. फडक्याखाली आपला कप सरकवायचा. माणूस ठेवायचा असेल तर सुलटा, बदलायचा असेल तर पालथा. फडकं उचलायचं नाही. शेवटी सेक्रेटरी जातो. मग चहा करणाऱ्या मावशी ट्रे तसाच आणून टेबलावर ठेवतात आणि सगळ्यांसमोर फडकं काढतात. कोणाचा कप कुठला ते कोणाला कळत नाही, निदान कळू नये.

रविवारी अकरा वाजता सभा भरली. हळूभाऊ बाहेर व्हरांड्यात लाकडी बाकावर बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. रिवाजाप्रमाणे कोच बाहेर थांबतो आणि निकाल लागला की त्याला आत बोलावतात. दार लावताना त्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. लग्नात नवरा मुलगा दोस्तांकडे बघतो ना, तसं.

आत अध्यक्षांनी भाषण ठोकलं. "चालू भट्टीच्या विटा कोणी काढतं का? एक वीट हलली तर सगळा ताप बाहेर." डॉक्टर म्हणाले, "अहो, पण वीट नाहीये ती. तो माणूस आहे, त्याला घर आहे. मी त्याला तपासतो, मला माहितीय." कप्तान खाकरला आणि म्हणाला, "माझी काही घाई नाही, पण मी तयार आहे." स्टोअरकीपर अध्यक्षांकडे बघत राहिला. मग अध्यक्ष माझ्याकडे वळले.

"सेक्रेटरी, तुझं काय? तुझा तर जिगरी दोस्त."

"मी मतातच सांगतो," मी म्हणालो. मावशींनी चहा आणला. चौघांचा दुधाचा, माझा बिनदुधाचा, मला पित्त होतं म्हणून. तो मी रोजच तसा घेतो. अर्धा प्यायलो आणि उरलेला तसाच राहिला.

एकेक जण उठून गेला, आला. शेवटी मी कप घेऊन चहाच्या खोलीत शिरलो आणि दार लोटून घेतलं. मी फडकं उचलून पाहिलं. हो, उचललं. दोन सुलटे, दोन पालथे. आम्ही मोजलं होतं अगदी तसंच.

माझ्या कपात अर्धा चहा होता. पालथा घालायचा तर आधी तो ओतून टाकायला हवा, आणि मोरी दोन पावलांवर. मी तिथे उभा राहिलो. खिडकीतून मैदान दिसत होतं, रिकामं, रेषा पुसट झालेल्या. मला एकदम पुढचा सोमवार दिसला. दुपारची सुट्टी, खिडकीजवळचं टेबल आणि समोरची खुर्ची रिकामी. नाहीतर तिथे कप्तान येऊन बसलेला, स्वतःचेच जुने गोल सांगत. मग दिसलं की पुढच्या वर्षी टीम हरतेय आणि बाजारात लोक मला विचारताहेत, काय सेक्रेटरी, झालं का समाधान? चार वर्षं बाजारात लोक मला थांबवून बोलत होते. त्याआधी मला कोणी ओळखतही नव्हतं.

पण खरं सांगायचं तर बाजाराचं निमित्त. मला ते टेबल सोडवेना. वहिनी, ती पोरगी, दिलेला हात, खिशातलं पत्र, सगळं मला आठवत होतं, एकही गोष्ट विसरलो नव्हतो. आणि तरीही मी मनाशी म्हणालो, कपात चहा आहे, पालथा घातला तर ट्रेभर सांडेल. पन्नाशीचा माणूस मी, आणि स्वतःला हे सांगितलं. कप तसाच सुलटा फडक्याखाली सरकवला आणि बाहेर आलो.

मावशींनी ट्रे टेबलावर ठेवला, फडकं काढलं. तीन सुलटे, दोन पालथे. अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला, "ठेवला!" स्टोअरकीपरने टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. कप्तान जमिनीकडे बघत होता. कोणीही कपांमध्ये डोकावून बघितलं नाही. मोजले आणि संपलं. माझ्या छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं, हेही कबूल करतो. शरम नंतर आली, आधी सुटल्यासारखंच वाटलं.

हळूभाऊला आत बोलावलं. अध्यक्षांनी त्याला मिठी मारली, "पुढचा कपही तुझाच!" त्याने सगळ्यांशी हात मिळवले. माझ्याशी मिळवला तेव्हा दाबला थोडा, सांत्वन करावं तसा. त्याला वाटलं डॉक्टर फिरले. माझ्याबद्दल संशयसुद्धा त्याच्या मनाला शिवला नव्हता.

सगळे पांगले. मी आणि तो व्हरांड्यात आलो. "जाऊ दे रे," तो मलाच म्हणाला. "तू तुझ्याकडून केलंस."  तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. तेवढ्यात मावशी ट्रे घेऊन धुवायला निघाल्या, आमच्या समोरून.

बावीस वर्षं डोळ्यांसमोरून काही सरकलं की तो बघतो. त्याला सवयच आहे, त्यात ठरवून काही नव्हतं. "मावशी, थांबा जरा," तो म्हणाला. ट्रेवरचा एक कप त्याने उचलला आणि व्हरांड्याच्या उजेडात तिरका धरला. दोन सुलट्या कपांच्या तळाशी दुधाच्या चहाचा गाळ होता. या तिसऱ्यात अर्धा कप चहा, लालसर काळा, नितळ.

"बिनदुधाचा," तो म्हणाला.

मावशी काही न कळून माझ्याकडे बघून हसल्या. हळूभाऊने कप परत ट्रेवर ठेवला, सावकाश, आवाज न करता, आणि मावशी गेल्या.

तो भडकला असता तर बरं झालं असतं. मी मनात चार वाक्यं जुळवली होती, टीमसाठी केलं, गावासाठी केलं, अजून एकच वर्ष.  ती सोडून मी म्हणालो, "मला एकट्याला जेवायला नको वाटलं रे."

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. बाटल्यांकडे बघतो तसा नाही. बाटलीला त्याचा एक सेकंदही लागत नाही. "मला चार वर्षं नकोच वाटतंय," तो म्हणाला.

तेव्हाच त्याच्या खिशात फोन वाजला. त्याने काढून पाहिला. "सकाळपासून तिसऱ्यांदा," तो म्हणाला. "निकाल लागला की लगेच सांगा म्हणाली होती पोरगी." फोन वाजत राहिला. त्याने तो माझ्यापुढे धरला.

"तू सांग तिला."

"अरे, मी कसा..."

"तूच सांग, सेक्रेटरी. मला नाही सांगता येणार."

मी फोन घेतला. हॅलो म्हणायच्या आतच तिकडून आवाज आला, धावत येऊन बोलावं तसा. "बाबा, काढलं? काढलं ना तुम्हाला?"

"मी काका बोलतोय," मी म्हणालो.

"काका! सांगा ना, काढलं ना बाबांना? आईने सांगितलं, या वेळेला काका आपल्या बाजूने आहेत."

मी हळूभाऊकडे बघितलं. तो मैदानाकडे तोंड करून उभा होता, हात मागे बांधून, सामना चालू असल्यासारखा.

"नाही गं बाळा," मी म्हणालो. "ठेवलं."

 मला वाटलं, रडेल. रडली असती तर मी काहीतरी समजूत काढली असती, पुढच्या वर्षी नक्की वगैरे, ते मला येतं. पण ती रडली नाही. मुख्याध्यापिकेची मुलगी ती. घसा साफ करून म्हणाली, "बरं. बाबांना अभिनंदन सांगा."

"सांगतो."

"काका, अजून एक विचारू? मी आणि आईने काल कपाटातला एक कप्पा रिकामा केला होता, बाबांच्या कपड्यांसाठी. माझी पुस्तकं खाली जमिनीवर काढून ठेवलीत. ती आता परत तिथे लावू का?"

फोनचा आवाज मोठा होता. हळूभाऊला सगळं ऐकू गेलं. मी त्याच्याकडे बघत राहिलो, त्याने वळून काहीतरी म्हणावं म्हणून, निदान फोन तरी माझ्या हातातून काढून घ्यावा म्हणून. तो वळला नाही.

"काका? लावू ना?"

"लाव," मी म्हणालो.

"थँक्यू काका," ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.